आत माणूस, दारावर 'खोली बंद'

मित्रमैत्रिणींनो, लोकांना हक्काचं घर मिळावं म्हणून मी घोडपदेवच्या चाळींत पुनर्विकासाचा सर्व्हे करते. आज सकाळी सुलभामावशींच्या खोलीत बसून, त्या तिथेच राहतात अशी नोंद मी अ‍ॅपमध्ये केली.

दुपारी अ‍ॅपमध्ये बघते तर 'खोली बंद'! मावशी इस्पितळात असताना सहकाऱ्याने केलेली जुनी नोंद रेंजअभावी त्याच्या फोनमध्ये अडकली होती. ती आज पोचली आणि माझी पुसली गेली.

मावशींच्या दारातूनच मी ऑफिसातल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "शेवटी पोचलं ते फायनल. खोली बंद, म्हणजे त्यांना नवं घर नाही. नोटीस लाव, फोटो पाठव. माणूस दिसायला नको."

मावशी म्हणाल्या, "अगो, मी हंय बसलंय, दिसत नाय तुका?"

"मावशी, जरा दार लावून घ्या."

त्यांनी लावलं. मी दारावर नोटीस लावून फोटो काढला.

तुम्ही काय केलं असतंत?