नांदेड ते शाळेची विहीर

माझ्या जुन्या शाळेत जायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा पुढं ढकललं. चौथ्यांदा ऑफिसातल्या मॅडमनीच पाठवलं. नांदेडला मी भूजलाच्या प्रयोगशाळेत काम करते. शाळांनी गावातल्या विहिरीचं पाणी मोजायचं आणि आम्ही मुलांना त्या आकड्यांचा अर्थ सांगायचा, असा उपक्रम सुरू होतोय. बोलता बोलता मी म्हणाले, आमची शाळा हे आधीपासून करते, जुन्या वह्याही असतील. मॅडम म्हणाल्या, "मग तूच जा, फोटो काढून आण."

त्यातली एक वही माझी होती आणि तिच्यातला मे महिना खोटा होता.

सकाळच्या लातूर एसटीत खिडकी मिळाली. जाणार असाल तर लवकरची गाडी धरा; बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सुट्टे जवळ ठेवा. लोहा मागं पडलं की दोन्हीकडं काळी रानं लागतात. अहमदपूरला गाडी थांबते तेवढ्यात चहा आणि गरम भजी होतात. नांदेडला कॉलेजात असताना याच रस्त्यानं आईच्या भाकरी मांडीवर घेऊन यायचे. फडकं हॉस्टेलवर पोचेपर्यंत कोमट असायचं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. चुकलं तर विचारायला घरी कुणी नव्हतं, म्हणून चुकायचंच नाही असं मी ठरवून टाकलेलं.

लातूरला गाडी बदलून रेणापूर, तिथून जीप. माझे जुने गुरुजी शाळेच्या फाटकातच उभे होते.

"आलीस का? लई बारीक झालीस. नांदेडात जेवायला मिळत न्हाई का?"

सातवीची मुलं व्हरांड्यात बसली होती. गुरुजींनी कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. दर सोमवारी विहिरीत गाठींची दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते आम्ही तिच्यात लिहायचो.

"बघा रे, ताईची वही. एक रकाना रिकामा न्हाई. दरवर्षी हीच दाखवतो का न्हाई तुम्हाला?"

हे ऐकल्यावर गप्प बसणं जमेना.

"गुरुजी, मे महिन्यात मी मावशीकडं होते. परत आल्यावर चारही आकडे अंदाजानं भरले."

गुरुजी चष्मा पुसत राहिले. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी हळूच म्हणाली, "आम्ही बी सुट्टीत तसंच भरतो, ताई. रिकामं दिसलं की गुरुजी रागावतात."

"व्हय, रागावतो," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आता काय करायचं, ते तूच सांग."

गुरुजींनी मला काही विचारावं, हे पहिल्यांदाच.

"रिकामं ठेवायचं आणि का ते लिहायचं. अंदाजाचा आकडा खऱ्यात मिसळला की आम्हाला ओळखू येत नाही."

त्यांनी खिशातलं लाल पेन माझ्या हातात दिलं. चार आकड्यांवर रेघ मारून मी 'मोजले नाही' लिहिलं आणि सही केली. मग सगळे विहिरीवर गेलो. दोरी नवी होती, गाठी मात्र तशाच हातभर अंतरावर. मुलींनी मोठ्यानं मोजल्या. दुपारी व्हरांड्यातच पिठलं-भाकरी खाल्ली.

नांदेडला मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. "हे लाल काय?" मी सांगितलं. "बरं केलंस. बाकीचे महिने धरू," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. इतकी वर्षं मी एवढ्यालाच घाबरत होते.

पुढच्या आठवड्यात शाळेतून वहीच्या नव्या पानाचा फोटो आला. सोमवारच्या रकान्यात आकडा नव्हता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मोजले नाही. सगळे जत्रेला गेलो होतो.' खाली लाल पेनानं गुरुजींची सही होती.