एकाच वेलींची दोन वर्षं

नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात धाकट्या बहिणीबरोबर वाईन चाखायला गेले होते. दोघींपुढे दोन-दोन ग्लास ठेवले होते. एकाच वेलींची रेड वाईन, फक्त वर्षं वेगळी. जुन्या वर्षाची तुरट, जीभ आवळून धरणारी. नंतरची मऊ, घशाखाली आपसूक उतरणारी.

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "त्या जुन्या वर्षी पाऊस कमी झाला होता. वेली त्याच, मातीही तीच."

मी बहिणीकडे पाहिलं. आईबाबा तेच, घरही तेच. पण मी झाले तेव्हा बाबांची नोकरी सुटली होती आणि ती झाली तोवर बाबा पुन्हा हसायला लागले होते. मला त्यांनी खांद्यावर घेतल्याचं आठवत नाही. ही मात्र खांद्यावरून उतरतच नसे. पन्नाशी उलटली तरी मला ते खुपतं.

"तुरट आहे ना, ती अजून मुरेल," मुलगी समजुतीनं म्हणाली. अजून किती मुरायचं?

बहिणीनं मऊ वाईनचा ग्लास अर्धा पिऊन सवयीनं माझ्याकडे सरकवला. "ताई, तू संपव ना."

तिच्या ताटातलं उरलेलं लहानपणापासून मीच संपवत आलेय. हेही संपवलं. ते फार चांगलं लागलं, हेच सहन होईना.