झिंगू कोणाचा?

मोहर्लीत माझ्या चहाच्या टपरीसमोर रंजीताचं अंगण आहे. जंगलात कुत्रं न्यायला बंदी, म्हणून नागपूरचे पाहुणे सफारीला जाताना आपली कुत्री तिच्याकडे ठेवून जातात. कालपरवापर्यंत रिसॉर्टच्या चादरी धुणारी बाई, आता गाडीवाले तिला ‘रंजीता मॅडम’ म्हणतात. मी एवढी वर्षं चहा पाजते, मला कोणी मॅडम म्हटलं नाही. जळते मी तिच्यावर, त्यात लपवायचं काय?

तेही सोसलं असतं. पण माझा कुत्रा झिंगू, मी वाटीनं दूध पाजून वाढवलेला, दिवसभर तिच्या अंगणात पडून असतो. ती ओरडत नाही, हाक मारत नाही. जमिनीवर बसते आणि हलक्या आवाजात बोलते, की सगळी कुत्री तिच्याभोवती.

मध्ये तिला कोणीतरी सांगितलं की असा धंदा नोंदणीशिवाय चालत नाही. मग ती चंद्रपूरला खेटे घालू लागली. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणला, बिबट्या येऊ नये म्हणून वरूनही जाळी मारली, आजारी कुत्र्यासाठी वेगळी खोली काढली. राहिली फक्त तपासणी. ती पार पडली नाही तर सफारीचा हंगाम हातचा जाणार होता.

पशुवैद्यकीय डॉक्टर आले तेव्हा मी किटली घेऊन मुद्दाम तिथंच उभी राहिले. प्रत्येक कुत्र्याचा मालक कोण, रेबीजची लस टोचली का, सगळे कागद जुळले. शेवटी झिंगू उरला.

“हा कोणाचा?”

रंजीताने माझ्याकडे पाहिलं. मी कपात चहा ओतत राहिले. झिंगूच्या लशीचा कागद माझ्या पेटीत होता. पण मी कशाला बोलू?

“कागद नसेल तर नोंदणी अडेल,” डॉक्टर म्हणाले. रंजीताचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर तिला म्हणाले, “ताई, हा तुमचाच कुत्रा दिसतो. तुमच्या नावावर लिहितो. लस टोचून घ्या, पुढच्या महिन्यात बघू.”

तिच्या नावावर! माझ्या अंगाचा भडका उडाला.

“तिचा काऊन? माहा हाये तो!” मी किटली आपटली. “कागद हाये माह्या घरी. आत्ता आणतो!”

धावत जाऊन कागद आणला आणि डॉक्टरांच्या हातात कोंबला. तिची नोंदणी मीच पार पाडली हे ध्यानात येईपर्यंत त्यांनी सही केली होती.

“तुमचा आहे ना आजी? मग घेऊन जा.”

“झिंगू, ये!”

तो हलला नाही. मी पुन्हा हाक मारली, चुचकारलं, मांडीवर थाप मारली. तो रंजीताच्या तोंडाकडे पाहत बसला.

“जाय बापा,” ती हळूच म्हणाली. “सुगंधाबाई बलावून राह्यली तुले.”

तेव्हा झिंगू उठला आणि माझ्याकडे आला.