रडायला दोघी लागतात

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं रडलं नाही. लोकांनी याचं कौतुक केलं. "तुमच्या आई किती धीराच्या आहेत हो," असं जो तो येऊन मला सांगत होता, आणि मला प्रत्येकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता. आई धीराची नव्हती. ती वाट बघत होती.

आम्ही मूळचे कराव्याचे, खाडीकाठचे. गावात मयत झालं की रडायची एक रीत होती. ज्या बाईचं माणूस गेलं तिनं आपण होऊन सुरुवात करायची नाही. बाहेरून दुसरी बाई यायची, ओट्यापासूनच हेल काढत यायची, आणि तिच्या गळ्यात पडायची. मग गेलेल्याचं सगळं बोलायची: तो मासे धरायला खाडीत पाग कसा टाकायचा, कुणाशी भांडला होता, चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण कसं बोटं चाटून खायचा. ती थांबली की हिनं उत्तर द्यायचं. गळ्यात गळा, एक ओळ तिची, एक हिची. सगळं आमच्या बोलीत. चाल असायची, पण त्याला गाणं कुणी म्हणत नसे.

लहानपणी मला या आवाजाची भीती वाटायची. त्याचा उपयोग कळायला फार वर्षं गेली. उत्तर देता देता ती बाई सगळं ओकायची. मेलेल्याला शिव्या द्यायची, सासूचा जुना राग काढायची, 'पोरांना आता शाळेत कोण नेईल' असंही त्याच चालीत विचारायची. आजूबाजूच्या बाया पदर डोळ्याला लावून नीट ऐकत असायच्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोरांना शाळेत न्यायला दारात हजर. न मागता तांदूळ यायचे. त्या घराला काय कमी पडणार आहे, हे गावाला त्या रडण्यातून कळायचं.

आईची जोडीदार म्हणजे शेजारची काकी. दोघी एकत्र मासळी विकायला बसायच्या आणि मयतीलाही एकत्र जायच्या. काकी वारली तेव्हा आईनं तिच्या उशाशी बसून दोन्हीकडचं एकटीनंच म्हटलं, स्वतः विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. तरण्या सुना मोबाईल खाली ठेवून बघत राहिल्या. त्यानंतर गावात आईच्या गळ्यात पडून सुरुवात करणारं कुणी उरलं नाही.

आम्हा भावंडांना ही बोली पुरती आलीच नाही. शाळेत बाई हसायच्या, म्हणून आईनंच घरात फर्मान काढलं होतं की पोरांशी पुस्तकातल्यासारखं बोलायचं. तिला ते जमत नसे, म्हणून ती आमच्याशी कमी बोलायची. मध्यंतरी बोली टिकवायची म्हणून एक कॉलेजातली मुलगी रेकॉर्डिंग करायला आली. आईनं तिला लग्नातली गाणी हौसेनं दिली. रडण्याचं विचारल्यावर मात्र हात जोडले. "मेल्याबिगर ररायचा नसतं, बाय. घराला लागतं." सराव करता येत नाही, भरून ठेवता येत नाही. मयतीला बसूनच शिकायचं. आणि मयती तर आता हॉस्पिटलातून थेट स्मशानात जातात.

भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या कामात होता. खांदेश्वरला त्यानं फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. सकाळी ड्युटीवर निघताना बूट घालायला वाकला, तो उठलाच नाही. सोसायटीवाले चांगले होते, उगाच कशाला नावं ठेवू? खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा आणला. "काकू, टेन्शन घेऊ नका, आमी आहोत," असं सेक्रेटरी म्हणाला. बाया यायच्या, आईचा हात हातात घ्यायच्या, "फार वाईट झालं" म्हणायच्या आणि भिंतीला टेकून गप्प बसायच्या. वहिनी साताऱ्याकडची. तिच्या आईनं आत पाऊल टाकताच "माझ्या वाघा" म्हणून टाहो फोडला, तशी आई चटकन उठून उभी राहिली. पण ते बोल वेगळे, चाल वेगळी. आईला कुठून धरावं कळेना. थोडा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा खाली बसली.

दहावा झाला, तेरावा झाला. आईच्या डोळ्यातून टिपूस नाही. दारात चप्पल वाजली की मान वर व्हायची, मग खाली जायची. जेवण सुटलं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. कराव्याहून नातेवाईक आले, तेही आता सोफ्यावर बसून ट्रॅफिकचं बोलतात.

शेवटी मीच ठरवलं. एका दुपारी वहिनी बाहेर गेलेली पाहून आईच्या गळ्यात पडले आणि सुरू केलं, "दादा, तू आम्हाला पोरकं करून का गेलास?" माझ्याच कानाला ते पेपरातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीसारखं वाटलं. पुढं काहीच सुचेना. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? मी नुसती हुंदके देत राहिले. आईनं मला थोपटलं, माझं नाक पदरानं पुसलं. "बास कर, बाय. तुना येत नाय. तुजा काय दोस हाय?" मी तिला मोकळं करायला गेले होते, आणि तिलाच मला गप्प करावं लागलं.

नंतर ती बोलायचीच कमी झाली. नातवंडं हिंदी-इंग्रजीत बोलायची, ही हसल्यासारखं करायची.

परवा मी न सांगता गेले. दार वहिनीनं उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. आतून आईचा आवाज येत होता. तीच चाल. मला वाटलं, फुटली बाई एकदाची वाट, पोरासाठी रडतेय. मी दाराशी उभी राहून ऐकलं. अर्धं कळलं. खाडी होती त्यात, मासळीची पाटी होती, लवकर गेलेला नवरा होता, दूध आटल्याचं काहीतरी होतं. लेकाचं मरणही होतं, पण मधेच कुठंतरी, बाकीच्या दुःखांत. ती रडत होती ती स्वतःसाठी. जन्मापासूनचं सगळं, ओळीनं.

मला बघून थांबली. लाजली नाही.

"मी मेल्यावं कोन ररल?" म्हणाली. "म्हनून माजा मीच ररून घेतला."

मी रडेन असं तिला म्हणायचं होतं, पण तेही मला पुस्तकातल्यासारखंच म्हणता आलं असतं.