मेणाचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला मी बाकीची बहुतेक पापं सांगितली आहेत, त्यातली निम्मी तर बढाई म्हणून. हे मात्र राहिलं. राहिलं म्हणजे विसरलो असं नाही. विसरलो असतो तर आज तुम्हाला असं धरून कशाला बसवलं असतं?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वडील दोह्यात तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आणि आम्ही तिथल्याच मदिनत खलीफा या वस्तीत राहत होतो. दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये आठ-दहा मराठी कुटुंबं जमायची. पुण्या-नाशिकची ही मंडळी एसी पूर्ण सोडून तिथल्या हवेच्या आठवणी काढायची. कुणी युरोपला जाऊन आलं की पडदे ओढून स्लाइड दाखवल्या जायच्या. मनोरा आणि त्याच्यापुढे काका. पूल आणि त्याच्यापुढे तेच काका. मी इंग्लंडमध्ये शिकत होतो, आणि सुट्टीत घरी आलो की या सगळ्यांना तुच्छ मानणं हा माझा मुख्य उद्योग होता. चांगला जमायचाही.

त्यांच्यात एक बाई थोडी बाजूला बसायची. फिलोमिना. आम्ही फिलूमावशी म्हणायचो. वसईची ख्रिस्ती, दोह्यातल्या हॉस्पिटलात नर्स. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने आईचं सगळं केलं होतं, तेव्हापासून ती घरचीच झाली. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी, जसिंता, वसईला आजीजवळ — तिला लहानपणी पोलिओ झाला होता, डावा पाय लुळा. दोह्यात तेव्हा चर्च नव्हतं. कुणाच्या तरी खोलीत जमून या बायका प्रार्थना करायच्या आणि मग ही आमच्याकडे यायची, साडीचा पदर नीट करत. मला तिचा तो पदरसुद्धा आवडायचा नाही. का, ते विचारू नका. एकविसाव्या वर्षी माणसाला नावडायला कारण लागतं का?

त्या उन्हाळ्यात मी मित्रांबरोबर व्हेनिसला जाणार हे आईने सगळ्यांना ऐकवलं. फिलूमावशी उठून माझ्याजवळ आली. व्हेनिसपासून पादुआ जवळ आहे ना, रेल्वेने? तिथे संत अंतोनीची समाधी आहे. जसिंताच्या पायाचा नवस बोललेय. तेवढा पाय तिथे पोचवशील का?

पाय म्हणजे मेणाचा. वांद्र्याच्या जत्रेत मिळतात तसे — हात दुखत असेल तर हात, पाय असेल तर पाय, तो नेऊन वाहायचा. तिने मागच्या रजेत विकत घेतला होता आणि नेणारं कुणी भेटेल म्हणून जपला होता. पण दोह्याच्या उन्हात मेण टिकतं कुठे? तिच्या खोलीतला एसी सारखा बिघडायचा. म्हणून तो पाय स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या फ्रिजमध्ये होता, आईच्या विरजणाशेजारी. आईला ठाऊक होतं. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी इतका हसलो की वडील रागावले.

फिलूमावशीने पर्समधून एक जुनं चित्र काढलं, समाधीचं, मला कळावं म्हणून. मी पाहिलं नाही. पंख्याकडे बघत "हो, हो, इन्शाल्ला" म्हटलं. माझ्या मते हा फार मोठा विनोद होता.

व्हेनिसबद्दल काय सांगू? पाणी, घाण वास, आणि आम्ही पाचजण एका स्वस्त वसतिगृहात. बाकीचे चारही इंग्रज. पादुआ अर्ध्या तासावर होतं. रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज टाळायचो. आळस? आळस असता तर बरं झालं असतं. मला भीती होती की कुणी तरी विचारेल, कुठे चाललास, आणि मला सांगावं लागेल की नर्सबाईचा मेणाचा पाय घेऊन चाललोय. त्या चौघांसमोर मी स्वतःला फार वेगळा हिंदुस्थानी म्हणून खपवलं होतं — शहाणा, नास्तिक, थट्टेखोर. त्या थापेला मी जिवापाड जपत होतो.

शेवटच्या दिवशी त्या चौघांतल्या पीटरचा वाढदिवस होता. दुपारी पाऊस लागला, म्हणून बाहेर न जाता आम्ही खोलीतच केक आणला. मेणबत्ती नव्हती. कुणी तरी म्हणालं, आता काय करायचं.

इथे मी थांबतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. अजूनही थांबतोय.

मी उठलो आणि बॅगेतून डबा काढला. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना तर तो पाय माझ्याजवळ आहे हे माहीतही नव्हतं. मी फडकं सोडलं आणि तो छोटा पिवळट पाय, टाच खाली करून, केकमध्ये उभा केला. वरून सुतळीची वात खोचली. ही आमच्याकडची मेणबत्ती, म्हणालो. काय हसले सगळे! कुणाचा आहे, म्हणून पीटरने विचारलं. एका लंगड्या पोरीचा, मी म्हणालो — आणि ते आणखी हसले, कारण त्यांना वाटलं मी विनोद करतोय. पोटरी वितळून केकवर आली. बोटं राहिली, ती मी पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

दोह्याला परतलो त्या शुक्रवारी फिलूमावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. समाधी उघड्यावर आहे, मावशी, वर छप्परच नाही. मोठ्या झाडाखाली साधा चौथरा. पाऊस थेट चौथऱ्यावर पडत होता. कबुतरं. मी पाय ठेवला आणि दोन मिनिटं उभा राहिलो. थाप मारताना मी इतका रंगलो होतो की मलाच ती खरी वाटू लागली. आईने डोळे पुसले. फिलूमावशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं भलं होवो बाळा." आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

जसिंता प्रत्येक पत्रात विचारायची म्हणे, माझा पाय पोचला का. आता तिला काय कळवलं, ते मी कधी विचारलं नाही.

पुढे शिक्षण संपवून मी दोह्यातच नोकरीला लागलो. मधे एकदा एका प्रवासाच्या पुस्तकात पादुआचं पान उघडलं गेलं. समाधी चर्चच्या आत होती. संगमरवरी भिंती, कमानी, वर घुमट. झाड नाही, पाऊस नाही. मी पुस्तक मिटलं. फिलूमावशीला काय कळणार आहे, असं म्हणून मी ते डोक्यातूनही काढून टाकलं.

मग एका शुक्रवारी फिलूमावशीने सांगितलं की रजा साठवली आहे, नर्सबायकांचा ग्रुप रोमला चाललाय आणि पादुआलाही जाणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. परत आली की ही सर्वांसमोर सांगणार. आईसमोर. मी तेव्हा ऑफिसात मोठ्या तोऱ्यात वावरत होतो, लग्नाचंही बोलणं चाललं होतं. मी तिचा पासपोर्ट अडावा, तिला ताप यावा, अशी चक्क इच्छा केली. आणि बघा, नवसाला हसणारा मी. ती इच्छा मी कुणाकडे करत होतो?

ती गेल्यावर आई सहज म्हणाली, "पुन्हा पाय नेलाय तिने. इथेच फ्रिजमध्ये ठेवला होता महिनाभर. या वेळी मोठा होता. मुलगी वाढली असणार ना." मी म्हटलं, बायकांना नवसाचं वेडच असतं.

फिलूमावशी परत आली. तिच्याभोवती सगळे गोल करून बसले आणि काकांपैकी एकाने मुद्दामच विचारलं, काय हो, आमच्या चिरंजीवांनी सांगितलं तसंच आहे का? मी पाण्याचा ग्लास धरून उभा होतो.

"तसंच आहे," ती म्हणाली. "मोठं झाड आहे. वर छप्पर नाही."

खलास. सुटलो. आणि मला त्या क्षणी काय वाटलं, सांगू? की ही बाई मूर्ख आहे. दुसऱ्याच कुठल्या तरी जागी पाय ठेवून आली असेल.

नंतर मी ग्लास ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. ती तिथे एकटीच होती, चहाच्या भांड्यापाशी. माझ्यासाठी पादुआहून संत अंतोनीचं छोटं पदक आणलं होतं, ते द्यायला तिने पर्स उघडली. पदकाबरोबर ते चित्र बाहेर आलं. तेच, पूर्वी मी बघायचं टाळलेलं, घड्यांवर फाटलेलं, लहानपणापासून जवळ ठेवलेलं असावं असं. संगमरवरी भिंती. कमानी. वर घुमट.

म्हणजे पहिल्याच शुक्रवारी. मी झाड रंगवत होतो, आई डोळे पुसत होती, ही माझ्याकडे बघत होती, तेव्हाच हिला कळलं होतं. आणि मग उठून तिने मला पुरी वाढली होती.

मी चित्राकडे पाहतोय हे तिने पाहिलं. घाई न करता घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. "साखर किती घालू?" एवढंच विचारलं.

तुम्हाला वाटेल मी तिचे पाय धरले. नाही. मला राग आला. मला सांभाळून घेणारी ही कोण, असं वाटलं. एक साधी नर्स! एक चमचा, मी म्हणालो, चहा घेतला आणि हॉलमध्ये जाऊन स्लाइड पाहिल्या. त्यानंतर शुक्रवारी मी घरी थांबायचं टाळू लागलो. नोकरी सोडून ती वसईला कायमची परत गेली तेव्हा आई-वडील तिला विमानतळावर पोचवायला गेले. मला काम आहे, असं मी सांगितलं. काम नव्हतं.

तो पाय कुणाचा, हे व्हेनिसच्या त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. काडी मीच ओढली.