चुन्याचं पोतं

या, असे जवळ या. दारातूनच काय विचारता, "काकू, भिंत एवढी पांढरी काहून?" तुम्हा लोकांना सगळं उभ्याउभ्या पाहिजे. बसा, चहा घ्या, सांगते. मलाही ते नीट उमगलेलं नाही. ऐकून तुम्हीच सांगा काय समजायचं.

आमच्या गावात बांधबंदिस्तीच्या कामावर एक साहेब होता. साहेब कसला, गळ्यात पारदर्शक नळी अडकवून रानोरान फिरणारा किडकिडीत माणूस. नळीत पाणी भरायचा, दोन्ही टोकं दोन काठ्यांना बांधायचा, आणि कोणी काही विचारलं की बोट वर करायचा. "थांबा. पाण्याले विचारू." पाणी हलायचं थांबलं की दोन्हीकडची पातळी पाहून चुन्याची रेघ ओढायचा. एकदा कोणी चिडवलं, "साहेब, लग्न ठरवतानी पाण्याले विचारलं होतं काय?" तर म्हणे, "विचाराले पाहिजे होतं."

आता माझी चूक ऐका. आमच्याकडे रानात चुना पडतो तो मोजणीच्या दिवशी. चुना म्हणजे हद्द, आणि हद्द म्हणजे भांडण. उन्हाळ्यात रान मोकळं झालं तेव्हा याची रेघ आमच्या शेतात वाकडी शिरली, कोपऱ्यातला तुकडा शेजाऱ्याच्या बाजूला सोडून. मी म्हटलं, झालं, शेजाऱ्यानं साहेबाला फितवलं. सकाळीच पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांनी अख्खी रेघ पुसून टाकली.

तो आला. रानाकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्याच्या पांढऱ्या झालेल्या काठाकडे.

"काकू, घराले चुना देऊन राहिल्या काय?"

"हो ना बाप्पा. अर्धी भिंत झाली."

"बरं," म्हणाला, आणि पुन्हा नळी काढली.

मी दुसऱ्यांदाही पुसली. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब जीपनं तपासणीला आले. रेघ नाही. काम न करताच केलं म्हणून सांगतो, असं अख्ख्या गावासमोर त्याला झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "चुना कमी पडला, साहेब. चूक माझी." मी चार हातांच्या अंतरावर उभी, लुगड्याचा पांढरा काठ खोचून घेत.

तिसऱ्यांदा रेघ ओढली तेव्हा मी मागं मागं चालत गेले. रेघ धुरा, म्हणजे दोन शेतांमधली हद्द, ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेली, आणि तिथं त्याचा तुकडा आमच्या बाजूला सोडला.

"म्हणजे ही हद्द नाही काय?"

"नाही काकू. पाणी कुठं हद्द मानते? एका उंचीच्या जागा जोडल्या फक्त. इथं बांध पडला की तुमची माती वाहत नाही."

बांध पडला. त्या पावसाळ्यात दरवर्षी नाल्यात जाणारी काळी माती बांधाला अडून बसली. मी रोज ठरवायची, आज सांगते साहेबाला. रोज तो ओट्यावर चहा प्यायचा, आणि मी विचारायची, साखर पुरली का.

मग त्याची तिकडे मेळघाटात, धारणीला बदली झाली. निरोप घ्यायला आला त्या दिवशी मी अकोल्याला भावाकडे. सून म्हणाली, चुन्याचं पोतं ठेवून गेले. म्हणाले, "काकूले सांगा, भिंत पुरी करा."

आता हे भोळेपणानं, की सगळं ठाऊक होतं म्हणून? भिंत तर मातीचीच होती, चुन्याचा ठिपका नाही. तिलाच टेकून तो चहा प्यायचा. पण पाठ भिंतीला, तोंड रानाकडे. पाहिली असेल, नसेलही. पाहिली असेल तर माझ्या वाट्याची बोलणी काहून खाल्ली? पोतं दिसलं की राग यायचा, मग हसू, मग डोळे भरायचे. सून म्हणते फोन करा. फोनवर काय विचारू?

शेवटी भिंतीला चुना दिला. पूर्ण.

तुमचं मेळघाटात जाणं-येणं असतं. गळ्यात नळीवाला माणूस दिसला तर एवढंच सांगा, काकूची भिंत झाली. रेघेचं सांगू नका, ते मीच सांगीन. म्हणावं, चहाले या, लवकर या. आणि या वेळी तोंड भिंतीकडे करून बसा.