हात न लागलेलं जंगल

शनिवारी दुपारी जेवून आडवी होते. डोळे मिटलेत, पण शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज येतोय आणि डोक्यात सहा नंबरचा प्लॉट घोळतोय. अभयारण्यातल्या मातीत कुठे किती जातींचे जीवाणू आहेत, ते शोधायचं माझं काम. कुरण, सागाची लागवड, पडीक शेतं आणि तुलनेला माणसाचा हात न लागलेलं जंगल, म्हणजे हा सहा नंबर. नेमक्या त्याच मातीत शेणाराखेत वाढणारे जीवाणू भरभरून निघालेत. आठवडाभर मी सगळ्यांवर खेकसतेय.

मिक्सर थांबतो. प्रयोगशाळेतल्या फ्रीजपाशी आई उकिडवी बसलीय. ती मार्चमध्ये गेली, हे मला माहीत आहे. तिलाही असावं, कारण तिला कसलीच घाई नाही.

"काय हुडकतीस गं सुले?"

"मातीतले जंतू. आणि आपलं घर."

अभयारण्यासाठी आमचं गाव उठलं तेव्हा मी रांगत होते. जंगलात घराची जागा कुठली, ते फक्त आईला ठाऊक होतं.

"तू दाखवणार होतीस. तशीच गेलीस." मला राग आलाय आणि मी तो लपवत नाही.

"मग न्यायला आला त्येला काय थांब म्हनू?"

फरशी उतरती होत जाते. पायाखाली पाचोळा लागतो. आई शेण आणि फांद्या पसरतेय. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, तो राब.

"जा, चुलीतला इस्तू आण."

"चूल कुठाय?"

"आता गं बया. घरात."

मी वळते. घर मागेच आहे. वाकून आत जाते, शेणीवर निखारा घेते, बाहेर येते. दारासमोरच्या झाडाला पिवळी पट्टी आहे, मीच बांधलेली. सहा नंबर.

"आई, हे तर हात न लागलेलं जंगल."

"व्हय? मग माझं हात कुठं गेलं म्हनायचं?"

ती हसते. मी तिच्याकडे बघत राहते आणि शेणी कलंडते.

जाग येते. उजव्या तळव्यावर टपोरा फोड आलाय, पाण्याने भरलेला. हात लावला की चुरचुरतो.

घर सापडलं, हे सांगायला मी फोन उचलते. बोट सवयीने आईच्या नावावर जातं. मग मी खाली सरकत राहते, शेवटच्या नावापर्यंत. ते घर पाहिलेलं त्यात दुसरं कुणीच नाही.